एक भाकर वरची

१३ जुलै, रविवार

ही डायरी दादाला फुकट भेटली. कव्हरवर लिवलंय 'मूळवाट करिअर केंद्र, उस्मानपुरा'. खाली तीर मारणाऱ्या माणसाचं चित्र हाय. त्याच्या अंगावर कपडे जवळजवळ नायतच. दादा म्हणला, "सायले, रोज चार ओळी लिव. अक्षर टिकलं तर बाकीचं बी टिकतं." मी आधी त्या माणसाला बॉलपेननं शर्ट घातला, खिशासकट. आबाचा टेरिकॉटचा व्हता तसा.

मी सायली. वय सतरा, शाळा नववी अर्धी. शहरात, गारखेड्यात दादासंगं एका खोलीत राहते आन खालच्या गल्लीत मेसवर पोळ्या लाटते. मेसची पोरं मला मुकी म्हणतेत. म्हणू दे. बोललं की लोक तोंडाकडं बघतेत, ते मला नको वाटतं.

दादा, म्हणजे कृष्णा, विद्यापीठात झाडाझुडपाचं एम. एस्सी. करतो. शेवटचं वर्ष हाय. आम्ही भिल्ल. आमची वस्ती कन्नड तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. माय तिथं एकटीच असती. आबा दोन वर्षांमागं गेला.

त्या केंद्रात आदिवासी पोरांना नोकरीसाठी तयार करतेत. तयार व्हताना आपली संस्कृती सोडायची नाय, असं तिथल्या प्रमोदिनी मॅडमचं म्हणणं. शेवटी एका पोराला औषधाच्या कंपनीत जागा देणार. काम काय, तर जंगलात फिरून झाडं नोंदवायची. दादा आश्रमशाळेतून सुट्टीला आला की आबा त्याला दुसरं काय शिकवायचा? झाडंच. ती जागा दादाचीच हाय. त्याला ती लागतीच.

१७ जुलै, गुरुवार

दादानं मला खुर्चीवर बसवलं. म्हणला, "तू कंपनीचा साहेब हो. मला विचार, स्वतःबद्दल सांगा."

"मला माहीत हाय समदं तुझ्याबद्दल."

"विचार गं."

"सांगा सोताबद्दल."

तो ताठ बसला, माझ्या डोळ्यात डोळे घातले आन सुरू झाला. मी अमुक, माझी ताकद तमुक. मला हसू आलं. आमच्याकडं पाव्हणा आला की आधी कोणत्या वस्तीचा, कोणाचा, ते सांगतो. सोताचं नाव लई मागून. आन मोठ्या माणसाच्या डोळ्यात असं बघितलं असतं तर आबानं कानाखाली दिली असती.

"हसू नको. मंदार सर म्हणतेत नजर खाली गेली की मार्क गेले."

मंदार सर म्हणजे तिथले शिकवणारे. मी म्हणलं, "मंग संस्कृती कुठं राह्यली?"

"ती नंतर असती. शेवटची तीन मिनिटं."

२२ जुलै, मंगळवार

आज दादा डबा विसरला म्हणून उस्मानपुऱ्याला गेले. गेले नसते तर बरं झालं असतं.

वर हॉलमधी गॅदरिंगचे कपडे भाड्यानं देणारा आला व्हता. गोणीतून एकेक काढत व्हता. प्लास्टिकच्या हिरव्या पानांचे घागरे, मोरपिसांच्या टोप्या, कवड्यांच्या माळा. तो म्हणत व्हता, "पिसं संभालके, भैया. कल एक शाळामें देने की हैत." त्या पानांना दुसऱ्याच्या घामाचा आन डांबरगोळ्यांचा वास. दहाबारा पोरं व्हती, एम. ए., बी. एस्सी. झालेली. कोणी किनवटचं, कोणी धडगावचं. समद्यांना एकच पानं.

मंदार सर एका पोरीच्या गालावर पांढरे ठिपके काढत व्हते. "ओळख लपवायची नाही. ओळख हीच तुमची ताकद." आसं ते बोलले आन ठिपका पुसून मोठा केला.

दादा पण उभा व्हता. शर्ट काढलेला. कमरंला ती पानं, डोक्यावर पिसं, हातात पाईपचं धनुष्य. त्यानं मला बघितलं. मला वाटलं लाजंल. तो हसला.

मी डबा जिन्यात ठेवला आन खाली आले. गल्लीत उभी राहून थुंकले. तोंडात काय नव्हतं तरी थुंकले.

२३ जुलै, बुधवार

आज पोळ्या लाटताना सारखा तोच वास. पिठाला बी डांबरगोळीचा वास यायला. जेवण गेलं नाय.

माझा बाप शर्टपँट घालायचा. टोपी घालायचा. त्याचा बाप धोतर घालायचा. पानं कोणी घातली आमच्यात? बकरीनं बी नाय.

२७ जुलै, रविवार

पेटीतून माझा पासपोर्ट फोटो गेला. शाळेचा दाखला बी गेला. दादाला विचारलं तर म्हणला, "लागत व्हता." कशाला, ते सांगंना.

मला माहीत हाय कशाला. मॅडम दर आठवड्याला म्हणतेत, तुमच्या घरची कहाणी आणा. बहिणीनं शाळा सोडली, पोळ्या लाटती, भाऊ शिकतो. लई गोड कहाणी हाय. खाली माझा फोटो.

शाळा काऊन सोडली ते कोणी विचारलं नाय. आबाच्या पोटात गाठ व्हती. माय मजुरीला जायची. त्याचं अंथरूण, त्याची ओकारी, त्याचं पाणी, समदं मी केलं. दादा फोनवर विचारायचा, "कसं हाय?" आबा खूण करायचा, बरं सांग म्हणून. मी बरं सांगायची.

भावाचीच किळस येती हे लिवायला बी कसंतरी वाटतं. पर येती.

३१ जुलै, गुरुवार

दादा आज लई लाडात. येताना माझ्यासाठी जिलबी आणली. मंग मुद्द्यावर आला.

"सायले, नऊ तारखेला आदिवासी दिनाचा कार्यक्रम हाय. कंपनीचे साहेब येणार. पोरं त्यातच बघून ठेवणार. शेवटच्या तीन मिनिटाला आपलं काहीतरी पायजे. तुला समदं येतं. एखादं गाणं शिकव ना."

"तुला येत नाय?"

"मी सहा वर्षांचा असताना आश्रमशाळेत गेलो. मला प्रार्थना येती."

लग्नाची गाणी बायांची असतेत. होळीचं मला नीट येत नाय. एक येतं. एकदाच ऐकलं, तरी पाठ झालं.

'वाट मोकळी हाय गड्या, घर मागं ऱ्हाऊ दे, डोंगर तुला बोलवतो, पाय तिकडं वळू दे.' आशी चार कडवी. चाल ठेक्याची हाय. ज्याला माहीत नाय त्याला प्रवासाचं वाटंल.

दादाला तसंच वाटलं. "लई भारी हाय गं. करिअरलाच जुळतंय." तीन वेळा म्हणून घेतलं आन ताल धरला.

ते मयताचं गाणं हाय. आमच्या वस्तीवर माणूस गेला की बाराव्याला त्याचा दगड रवतेत. दगडापुढं पोरगा हे म्हणतो, मंग माणूस वाटंला लागतो. आबाच्या बाराव्याला दादाचा पेपर व्हता. तो आला नाय. त्याच्या जागी चुलतभाऊ फकिरानं म्हणलं.

तू ऐकलं नव्हतं ना. घे मंग. पानं नेसून म्हण.

मी जाणूनबुजून दिलं. हितं लिवते, कोणाला सांगणार नाय. जिलबी खाल्ली नाय, मुंग्यांनी खाल्ली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

माय आली. केंद्रानं समद्या पोरांच्या आईबापाला बोलवलंय, यष्टीचं भाडं देऊन. मला कोणी सांगितलं नव्हतं. दारात तिला बघितलं तवा कळलं.

ती समोर बसणार. आन दादा ते म्हणणार.

मायनं आल्याआल्या चूल म्हणजे गॅस ताब्यात घेतला. तिघांपुरत्या भाकरी थापल्या आन वर एक. तिची रोजचीच रीत हाय, आबा गेल्यापासून. एक भाकर वरची, फडक्यात गुंडाळून बाजूला. सकाळी कुत्र्याला घालती. सवय हाय.

दादानं केंद्राचा एक फॉर्म काढला. "माय, आबाचं नाव टाकायचं हाय, तूच सांग, मी लिवतो." चेष्टा करायला लागला. माय पदरानं तोंड झाकून हसली. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाय. रेशनला गेली तरी मलाच सांगायला लावायची. जन्मात फक्त एकदा घ्यायचं असतं, दगडापुढं. पोरगं गाणं म्हणतं, बाई उभी राहून उलट जबाब देती आन नवऱ्याचं नाव घेऊन 'जा' म्हणती. फकिरानं म्हणलं तवा माय उठलीच नाय. आत्यानं लई हलवलं तिला. ती म्हणली, माझा पोरगा कुठं हाय. म्हाताऱ्या अजून बी कुजबुजतेत, पुंजाराम अर्ध्या वाटंत राह्यला म्हणून.

उद्या राखी बी हाय. सकाळी राखी बांधताना दादाला सांगून टाकीन.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी बांधली. सांगितलं नाय. तोंड उघडलं व्हतं. दादा म्हणला, "ओवाळणी थोडी थांबून देतो, कागद यायचाय." मंग माय कुंकू मागायला लागली आन ते राहूनच गेलं.

बाकीचं आज लिवत नाय.

१० ऑगस्ट, रविवार

लिवते.

हॉलमधी एसी व्हता. दारातच आईबापांच्या डोक्याला पिसाच्या पट्ट्या बांधत व्हते. माय पुढच्या ओळीत, मी तिच्या मागं. हातात पोह्याचा डबा.

प्रमोदिनी मॅडम बोलल्या, की यांना बदलायचं नाही, यांच्या मुळांना पाणी घालायचं. मंग एकेक पोरगं आलं, इंग्रजीत चार वाक्यं बोललं आन नाचलं. कंपनीचे साहेब कागदावर टिक करत व्हते.

दादा आला. इंग्रजी चांगलं बोलला. झाडांचं इतकं नीट सांगितलं की साहेबांनी टिक करायचं सोडून ऐकलं. तिथंच थांबायला पायजे व्हतं. पर तीन मिनिटं राह्यली व्हती.

त्यानं ते सुरू केलं. 'वाट मोकळी हाय गड्या.'

मंदार सर कडंला उभे राहून टाळ्या वाजवायला लावत व्हते. समदा हॉल ठेक्यावर. मी मायच्या पाठीकडं बघत व्हते. पाठ हललीच नाय. दुसऱ्या कडव्याला तिनं डोक्याची पिसं काढली, खुर्चीवर ठेवली. उभी राह्यली. डोक्यावरचा पदर खांद्यावर सोडला. माय गावात पाटलापुढं बी डोकं उघडं करत नाय.

दादाचा आवाज एकदा फाटला. मला वाटलं थांबला. नाय थांबला. म्हणतच राह्यला, फक्त हळू. पाईपचं धनुष्य खाली ठेवलं आन हात जोडले.

चौथं कडवं झालं. मायनं जबाब दिला. लई मोठा आवाज नाय. "चूल इझवली, पाणी भरलं, मागं कोणी रडत नाय. जा, पुंजाराम."

आन हॉलनं शिट्ट्या मारल्या.

किती टाळ्या, किती टाळ्या. मोबाईल वर. कंपनीचे साहेब उभे राह्यले. मॅडमनं येऊन मायला मिठी मारली, "सारजाबाई, काय उत्स्फूर्त हो, अंगावर काटा आला." मायचं डोकं उघडंच. तसाच फोटो काढला. कोणीतरी पिसं उचलून परत तिच्या कपाळाला बांधली, फोटोत नीट दिसाया.

मला तिथंच ओकारी आली. पोह्याच्या डब्यात. बाजूची बाई पाय वर घेऊन म्हणली, "अगं, बाहेर तरी जायचं."

त्या लोकांची जेवढी किळस आली तेवढीच माझी. त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत व्हतं.

मला वाटलं माय घरी येऊन रडंल, नायतर मला मारील. तिनं हातपाय धुतले, भाकरी थापल्या. जेवताना दादानं अजून एक मागितली तर दुरडी रिकामी. मी म्हणलं, "माय, वरची कुठं हाय?"

"आता कशाला लागती?" म्हणली. आन चटणीत तेल जास्त घेऊन पोटभर जेवली. मंग भिंतीला टेकून बसल्या जागी झोपली, तोंड उघडं टाकून.

रागात असल. रागात तिची मोजणी चुकती.

१४ ऑगस्ट, गुरुवार

माय मंगळवारी गेली. आज मॅडमचा दादाला फोन. फोन मोठ्या आवाजावर व्हता. वीस तारखेला कंपनीची खरी मुलाखत. "तू जवळजवळ निश्चितच आहेस कृष्णा. फक्त साहेबांची इच्छा आहे, ते आईंबरोबरचं पुन्हा करायचं. व्हिडिओवाले येतील." दादा नुसतं हं म्हणला.

मी मेसवर जाते म्हणून निघाले आन उस्मानपुऱ्याला गेले. कसं गेले मलाच माहीत. मॅडमच्या टेबलापुढं उभी राह्यले, नजर खाली.

"ते मयताचं गाणं हाय."

"काय म्हणालीस, बाळ? मोठ्यानं."

"ते माणूस मेल्यावर म्हणतेत. आबाचं व्हतं. माय नाचत नव्हती."

मॅडमच्या डोळ्यात पाणी बी आलं. मला वाटलं कळलं. त्यांनी माझा हात धरला आन आतमधी हाक मारली, "मंदार, इकडे ये. हे ऐक. अरे, हे तर आपल्याला वाटलं त्याहून कितीतरी खोल आहे." मंग मला म्हणल्या, "हेच तू कॅमेऱ्यासमोर सांगशील? असंच, साधं."

त्यांचा हात मऊ व्हता, क्रीमचा वास. मी हात सोडवला. खाली येऊन नळावर धुतला. लई वेळ वास गेला नाय.

२० ऑगस्ट, बुधवार

दादा मुलाखतीला गेला. आबाचा शर्ट घालून गेला. बाह्या आखूड व्हतेत त्याला.

दुपारीच आला. खुर्चीवर बसला, बूट न काढता. मी पाणी दिलं.

"झालं?"

"झाडांचं समदं विचारलं. समदं सांगितलं. मंग म्हणले, ते गाणं."

"मंग?"

"मी म्हणलं, ते झालं. एका माणसाला एकदाच असतं. मंदार सर म्हणले, ताठर राहून करिअर होत नाही." त्यानं पाणी पिलं. "धडगावच्या पोराला घेतलं. चांगला पोरगा हाय. होळीचं नाचला."

मंग मीच बोलले. समदं सांगितलं. मी जाणूनबुजून दिलं, तू बाराव्याला आला नाय म्हणून दिलं, माझ्यामुळं मायचं हसं झालं, माझ्यामुळं तुझी जागा गेली. मी एवढं एका दमात कधीच बोलले नसल. तो बुटाकडं बघत ऐकत व्हता.

"मला कळलं व्हतं," म्हणला.

"कधी?"

"मायनं पदर सोडला तवा."

"मंग थांबला का नाय? लोक टाळ्या वाजवायलेत, अंगावर प्लास्टिकची पानं, थांबायचं ना."

"मधीच थांबलो असतो तर आबा कुठं गेला असता?"

तो उठला, शर्ट काढून खुंटीला लावला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दादानं ओवाळणी दिली. एक पाकीट. त्यात माझा फोटो, माझा दाखला आन सतरा नंबरचा फॉर्म. शाळेत न जाता दहावीला बसतेत तो. म्हणला, "जागा लागली असती तर क्लास बी लावून दिला असता. आता मीच शिकवीन. गणित सोडून."

एक महिना मी त्या फोटोवरून त्याला शिव्या दिल्यात या डायरीत. पानं फाडणार व्हते. फाडली नायत. दिसू दे मी कशी हाय ते.

फॉर्म ऑनलाईन भरतेत. पर तो म्हणला, आधी कागदावर तुझ्या हातानं लिव, मंग भरू. लिवलं. सायली पुंजाराम. शाळा सोडल्याचं कारण, तिथं एकच रेघ हाय. मी लिवलं, घरकाम. वाचलं तर खोटं वाटलं, तोंडात तीच डांबरगोळीची चव आली. खोडलं. लिवलं, आबाजवळ बसायला कोणी नव्हतं.

दादानं वाचलं. लई वेळ वाचलं, एवढी एकच ओळ.

"खाडाखोड चालत नाय," म्हणला. दुसरा कोरा कागद काढला आन ती ओळ आधी लिवली, त्याच्या हातानं. बाकीचं मला दिलं.